पोलिसानं ऐकून घ्यायचं

भावजी, पेपरात तुमच्या फोटोखाली ‘मनमिळाऊ’ छापलंय. सुमननं पेपर माझ्या हातात दिला आणि रडता रडता विचारलं, “आक्का, हे कुनाचं छापलंय वं?” घरात माणसं भरलेली, आणि आम्ही दोघी जावा तोंडाला पदर लावून हसतोय. बघणाऱ्यांना वाटलं हुंदका आला. तोही आलेलाच होता म्हणा.

मनमिळाऊ! शाळेच्या फाटकासमोर तुम्ही सायकल स्टँडवर लावली की निम्मी पोरं मागच्या बोळानं जायची. तुमच्या सख्ख्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, तुमच्याशी बोलायचं असलं की आधी मला पुढं करायचं. का, तर वहिनीवर दीर खेकसत नाही. हा त्यांचा सिद्धांत. तुम्ही खेकसायचात, पण मी परत खेकसायची, एवढाच फरक.

नोकरी किती झाली, बक्षिसं कोणती मिळाली, ते पेपरात आहे. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, त्याबद्दल बोलायचंय. दर वेळी ते रंगात आलं की तुम्ही पट्टा आवळायचात आणि म्हणायचात, “ड्युटीची वेळ झाली, वैनी.” आता ड्युटी नाही. बसा जरा.

माझा मोतीबिंदू मिरजेला काढला, त्या वेळी मी महिना-दीड महिना सांगलीला तुमच्याकडं पोलीस लाईनीत होते. वाकायचं नाही, खोकायचं नाही, शेगडीपुढं बसायचं नाही. जन्मात पहिल्यांदा मला काम नव्हतं. एक डोळा बांधलेला, दुसऱ्यानं मूळचंच अंधुक, म्हणून तुमचं घर मी कानानंच बघितलं. तुमची ड्युटी तेव्हा शाळेवर होती. भरताना आणि सुटताना फाटकाशी उभं राहायचं, रोडरोमिओंना हाकलायचं, मारामारी सोडवायची. तुमची पद्धत एकच. पोराची कॉलर धरायची, बापाचं नाव विचारायचं, दोन ठेवून द्यायच्या आणि सोडायचं. संध्याकाळी बूट काढता काढता सांगायचात, “आज तिघांना समज दिली.”

“घेतली का त्यांनी?” मी विचारायची.

“काय?”

“समज.”

“वैनी, तुमी डोळा झाकून पडा बरं.”

त्याच दिवसांत जिल्ह्यातल्या कुठल्याशा शाळेतल्या पोरानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं. लोक हळहळले, पेपरात आलं. मग वरून हुकूम निघाला, की शाळेच्या ड्युटीवर जे जे पोलीस आहेत त्यांनी ट्रेनिंगला बसायचं. मिरजेच्या दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाई येऊन शिकवणार. मन बिघडलेलं पोर कसं ओळखायचं, त्याच्याशी कसं बोलायचं. तुम्ही निघताना काय म्हणालात ते मला आठवतंय. “येड्यांच्या डॉक्टरनं शान्या पोलिसांना काय शिकवायचं?” आणि सुमन आतनं म्हणाली, “शाने कोन कोन हायत, त्येवढं बघून या.”

पहिल्या दिवशी परत आलात ते टोपी कॉटवर आपटूनच.

“काय झालं, भावजी?”

“नोकरी सोडावी म्हनतो.”

“आवं पन झालं काय?”

“ती म्याडम म्हनती, पोरांचं ऐकून घ्या. सकाळपास्नं तेच. ऐकून घ्या, ऐकून घ्या. मी बापाचं कवा ऐकून घेतलं न्हाई. सायबाचं घेतो ते पोटासाठी. आता ह्या शेंबड्यांचं ऐकून घ्यायचं, व्हय?”

आपल्याकडं ‘ऐकून घेणं’ म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. सासूचं ऐकून घेतलं, मालकाचं ऐकून घेतलं. समोरच्यानं वाटेल ते बोलायचं आणि आपण खाली मान घालून गप राहायचं. आपल्या माणसांनी तर पिढ्यान्‌पिढ्या गावाचं ऐकून घेतलं. तुमच्या आबांनी धर्म बदलला तो ते थांबावं म्हणून, आणि तुम्ही खाकी चढवली तीही त्याचसाठी. त्यामुळं तुमचा संताप मला कळत होता. पण हसूही आवरेना, आणि डॉक्टरनं तर बजावलेलं, हसू नका, टाक्याला ताण बसेल.

दुसऱ्या दिवशी भर हॉलमध्ये तुम्ही उठून उभे राहिलात. ही गोष्ट मला तुमच्या पाटील हवालदारांनी सांगितली, चहाला आले होते तेव्हा. जैन माणूस, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच, आणि कांदा चालत नाही म्हणून सुमन त्यांच्यासाठी पोहे वेगळे करायची. तुम्ही म्हणायचात, “पाटलाला कांदा चालत न्हाई, शिव्या चालत्यात.” तर पाटील सांगत होते, “ताई, हे उठलं आन् कडक सावधान करून म्हनलं, म्याडम, आमच्या घरात ऐकून घ्यायचं मागल्या पिढीत संपलं. सगळा हॉल हसला. म्याडम तेवढ्या हसल्या न्हाईत. त्यांनी जरा इचार केला आन् म्हनल्या, ठीक आहे हवालदार, घेऊ नका. नुसतं ऐका.”

तेवढ्यावर तुम्ही खूश. घरी येऊन दोनदा म्हणालात, “नुसतं ऐकायचं. घ्यायचं काय न्हाई. हे जमंल.”

मग त्यांनी तुम्हा लोकांच्या जोड्या लावल्या. एकानं आपल्या मनातलं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही, ‘आमच्यावेळी’ म्हणायचं नाही. पाटील तुमच्यासमोर बसले आणि त्यांच्या गेलेल्या आईबद्दल बोलायला लागले, ते बोलता बोलता ढसाढसा रडले. तुम्ही घरी येऊन बूट न काढताच बसलात आणि म्हणालात, “एवढा मोठा गडी, वैनी. कुस्ती खेळलेला.” मी विचारलं, “आन् तुमची पाळी आली तवा?” तुम्ही म्हणालात, “मी सांगितलं, माझ्या मनात काय न्हाई. म्याडम म्हनल्या, ठीक आहे, नसेल. पन बघितलं कसं, झडतीला खिसा उलटा करत्यात तसं.”

त्यानंतरची ती माणची पोरगी. तिचं नाव तुम्ही मला मरेपर्यंत सांगितलं नाहीत. “ते सांगायचं नसतं, वैनी.” बरं. तिचा बाप मुंबईला, आई तिकडं दहिवडीकडं मेंढरांमागं, आणि ही शिकायला सांगलीत मावशीकडं. शाळा सुटली की सगळ्या पोरी जायच्या, ही फाटकाबाहेर रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसून राहायची. आधीचे तुम्ही असता तर “ए, चल घरी” म्हणून काठी आपटली असतीत. या वेळी सायकल लावून मोरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलात. पहिल्या दिवशी ती उठून गेली. दुसऱ्या दिवशीही. तुम्ही घरी येऊन वैतागायचात, “बोलंना तर ऐकू काय?” आणि परत जाऊन बसायचात. येणारे-जाणारे थट्टा करायचे, हवालदारानं मोरीचा बंदोबस्त ठेवलाय म्हणून. मग एक दिवस पोरगी बोलली. झोप येत नाही, छातीत सारखी धडधड, आपण नसलो तर मावशीचं ओझं कमी होईल, असलं सगळं. तुम्ही हेडबाईंना सांगितलंत, तिच्या आईला बोलावून घेतलंत आणि पोरगी, आई, मावशी अशा तिघींना मिरजेच्या म्याडमपुढं नेऊन बसवलंत. पोरगी वाचली, भावजी. तुम्ही वाचवली म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून वाचली म्हणते.

ती बोलली त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. भिंतीला टेकून बसलात आणि म्हणालात, “म्याडमचं चुकलं, वैनी. नुसतं ऐकता येत न्हाई. घ्यावंच लागतं. मी घेऊन आलोय की हितं.” आणि छातीवर हात ठेवलात. तुमचं हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या पोराचं, मिलिंदचं.

मिलिंद त्याच घरात पडद्यापलीकडं होता. बारावी झालेली, तुम्ही त्याला पोलीस भरतीला उभा करायच्या मागं लागला होतात. पहाटे उठवून मैदानावर पिटाळायचात. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पुस्तक उघडल्याचा आवाज यायचा, पान उलटल्याचा यायचाच नाही. नळावर बादली भरून वाहत असायची आणि हा तिथंच उभा, बायका ओरडायच्या तेव्हा भानावर यायचा. ताट तसंच परत जायचं. मी तुम्हाला म्हणाले, “भावजी, त्या म्याडमना मिलिंदला दाखवा.”

“त्याला काय झालंय? आळस.”

“त्या माणच्या पोरीला आळस नव्हता तो?”

“ती परकी हाय.”

“म्हंजे?”

“परक्याचं नाव झाकता येतं, वैनी. घरच्याचं कसं झाकू? सगळी लाईन एका नळावर पाणी भरती. उद्या भरतीला कोन म्हनलं, हवालदाराचं पोरगं येड्याच्या डॉक्टरकडं जातंय, मग?”

“मग काय? पोरगं महत्त्वाचं का भरती?”

“ड्युटीची वेळ झाली.”

लोकांच्या पोरांसाठी मोरीवर बसणारा माणूस पडद्यापलीकडं जाऊन बसेना. मला तुमचा राग आला होता, आणि तो मी लपवलाही नाही. आमच्या घरी कोरेगावला परत निघाले तेव्हा हट्ट धरला की डोळ्यात औषध घालायला माणूस पाहिजे, मिलिंदला पाठवा. ह्यांना ते जमलं असतं. एसटीचं स्टिअरिंग धरलेले हात, थेंब चुकला नसता. पण ते माझ्या बाजूनं गप बसले.

कोरेगावात मी आणि मिलिंद दुपारचं घेवडा निवडत बसायचो. मी एका डोळ्यानं, तो दोन्हींनी. चार-आठ दिवस गेले आणि हातातला घेवडा न ठेवताच तो म्हणाला, “मोठे आई, रोज सकाळी वाटतं, आज जाग आलीच नसती तर बरं झालं असतं.” एवढ्या साध्या आवाजात, जसं काही मीठ संपलंय म्हणावं. मी त्याला एकटा सोडला नाही. आमच्या ह्यांनी आतनं ऐकलं, ते लगेच उठून फोनच्या बूथवर निघाले. “काय सांगू?” म्हणाले. मी म्हटलं, “या, एवढंच सांगा.”

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं तुम्ही आलात. ओट्यावर बसलात, मिलिंद दुसऱ्या कडेला. मी दाराआड. तुम्ही दोन-तीनदा घसा साफ केलात. मला वाटलं, आता सुरू होतील. तुम्ही विचारलंत, “काय वाटतंय तुला?” आणि गप बसलात. मिलिंद बोलायला लागला. काय काय बोलला ते इथं लिहीत नाही, ते त्याचं आहे. शेवटी म्हणाला, “मला पोलीस व्हायचं न्हाई, आप्पा. रोज पहाटं तुमी हाक मारता तवा मला तुमचा राग येतो. लय राग येतो.” मी आत पदर घट्ट धरून उभी. आता उठतील, आता हात उचलतील. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. म्याडम म्हणाल्या ते ऐकणं आणि आपल्याकडचं ते ऐकून घेणं, दोन्ही त्या ओट्यावर तुम्ही एकाच वेळी केलंत, भावजी. तेही स्वतःच्या पोराचं. मग न्हाणीत जाऊन तोंड धुतलंत, आणि ओल्या तोंडानंच विचारलंत, “मिरजेची गाडी कवा हाय?”

मिरजेची गंमत मला मिलिंदनं नंतर सांगितली. तुम्ही साध्या कपड्यात, डोक्याला रुमाल गुंडाळून गेलात, कुणी ओळखू नये म्हणून. म्याडमच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसताय तर शेजारी कोण, पाटील हवालदार! त्यांच्याही डोक्याला रुमाल.

“पाटील, तू हितं कुठं?”

“दात दाखवायला. तू?”

“मी पन दातच.”

आणि दोघं मनाच्या डॉक्टरच्या दारात दातांबद्दल बोलत बसलात, कुठली दाढ, किडलीय का हलतीय. नर्सनं पाटलांचं नाव पुकारलं तसे ते उठले आणि जाताना मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “लय चांगल्या हायत म्याडम. अजिबात दुखत न्हाई.” मिलिंद म्हणतो, कित्येक महिन्यांनी मी पहिल्यांदा हसलो ते तिथं.

पोरगं सावरलं. एका दिवसात नाही. मध्ये परत बसकण मारली, गोळ्या बदलल्या, परत उठला. आयटीआय केलं, आता विजेच्या मोटारींचं रिवायंडिंग करतो, त्याचं त्याला आवडतं. हे सगळं तुम्ही केलंत, आणि त्याबद्दल मी तुमच्या पाया पडले असते, पण वहिनीनं दिराच्या पाया पडायची पद्धत नाही. म्हणून भांडत राहिले.

भांडण हेच, की तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, मिलिंदला टायफॉईड झालाय. लाईनीत टायफॉईड, पाव्हण्यात टायफॉईड. “भावजी, दोन दोन वर्षं टायफॉईड कुनाला राहतो का?” तर म्हणायचात, “लग्न व्हायचंय त्याचं.” पुढं म्याडम तुम्हाला साताऱ्याला घेऊन गेल्या, नव्या पोलिसांच्या ट्रेनिंगला, तुमचा अनुभव सांगायला. तुम्ही मोरीची गोष्ट सांगितलीत. पाटलांना विचारून त्यांच्या आईची सांगितलीत. घरची गिळून टाकलीत. मी म्हटलं, “दुसऱ्यांच्या पोरांवर भाषण, आन् आपल्या पोराला टायफॉईड?” तुम्ही पहिल्यांदाच न चिडता म्हणालात, “ते त्याचं हाय, वैनी. मी कसं सांगू? सांगायचं तर त्यानं सांगावं.”

  पण त्यात निम्मं तत्त्व होतं आणि निम्मी भीती, असं मला वाटतं. कुठलं निम्मं मोठं, ते विचारायचं राहिलं. आणि तुम्ही दुनियेचं घेत होता ते कुठं नेऊन ठेवत होता, तेही विचारायचं राहिलं. पाटील म्याडमकडं जायचे. तुम्ही कधी गेलात का? छातीत दुखायचं त्याला पित्त म्हणालात. पोराच्या मनाला टायफॉईड आणि स्वतःच्या काळजाला पित्त. खरं नाव घ्यायचंच नाही, ही कसली पद्धत, भावजी? रागानं विचारत नाही. तुम्ही हवे होतात, म्हणून विचारते.

तुमच्या पुण्यानुमोदनाला गावच्या विहारात पुष्कळ माणसं आली. सांगलीहून पोलीस, शाळेच्या हेडबाई, आणि मिलिंदसाठी ज्यांच्याशी बोलणी चालली होती ते पाव्हणेही. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले, कर्तव्यदक्ष वगैरे. मग मिलिंद उठला. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सुमननं माझं मनगट धरलं, बांगडी रुतेपर्यंत.

तो म्हणाला, “मला टायफॉईड झाला नव्हता. माझं मन आजारी पडलं होतं. जगू नये वाटायचं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि मला मिरजेला नेलं. त्यांनी हे लपवलं ते माझ्यासाठी. आता मी सांगतोय ते माझ्यासाठी.” आणि खाली बसला.

मागनं कुणीतरी बाई हळूच म्हणाली, “आता ह्याला पोरगी कोन देनार?” आणि खरंच, ते पाव्हणे न जेवता गेले. निरोप आला नाही, येईल असं वाटत नाही. हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे, भावजी, कारण तुमची भीती खोटी नव्हती. मी ती हसण्यावारी न्यायची, तसं नव्हतं ते.

पंगती उठल्यावर मेढ्याकडचे एक गृहस्थ मिलिंदला मंडपामागं घेऊन गेले. सुमनच्या माहेरच्या नात्यातले, डोंगरातली शेती. मी तिथंच भांडी मोजून घेत होते, म्हणून ऐकलं. म्हणाले, “माझी धाकटी घराबाहेर येत न्हाई गड्या. बोलत न्हाई, केस इंचरून घेत न्हाई. तोंडानं पंचशील म्हनतो आमी, आन् चोरून देवरुष्याकडं तिचं बाहेरचं बघत फिरतोय. लाज वाटती. त्या म्याडम कुठल्या वारी बसत्यात?”

मिलिंदनं वार सांगितला. मग म्हणाला, “मीच येतो की संगं.”

आज तो वार आहे. काल ते मेढ्याकडचे गृहस्थ लेकीला घेऊन कोरेगावला मुक्कामाला आले, आणि सकाळी तिघं पॅसेंजरनं गेले. मिलिंद बूट घालत होता तेव्हा मी त्याला विचारलं, “ती सोयरीक गेली, वाईट वाटतंय का रं?”

“वाटतंय की,” तो म्हणाला.

माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं, दुसरी मिळेल, ह्याहून चांगली मिळेल. काही बोलले नाही. तो नाडी बांधत राहिला, मी उभी राहिले. मग उठून गेला.

गाडी वेळेवर असली तर एव्हाना ताकारीच्या पुढं गेली असेल. ती पोरगी खिडकीशी बसली असेल, डोक्यावरनं ओढणी घेऊन, आणि मिलिंद समोरच्या बाकावर. बोलत नसतील. नसू दे.